जिभेनं केलेला टक्

तुम्ही समोर बसला असतात तर हे बोललो नसतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. बायकोला सांगितलं नाही, ती गेली. मुलांना सांगितलं नाही, ती विचारतात अधूनमधून — बाबा, तुम्ही एवढे इंजिनवेडे, मग तुमच्याकडे एकही फोटो कसा नाही हो? मी म्हणतो, होते रे, गळकं छप्पर होतं, पेटीत पाणी शिरलं, वाट लागली सगळ्यांची. साफ खोटं. पाणीबिणी काही शिरलं नाही. एक सोडून बाकी सगळे मीच बंबात घातले, एका दुपारी, घरात कोणी नसताना.

तो एक अजून आहे माझ्याकडे. त्याच्याबद्दल सांगायचंय. पण थांबा — एकदम नाही जमायचं. जरा बाजूबाजूनं येऊ द्या मला.

बोरिवली तेव्हा निराळी होती. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. स्टेशनच्या पूर्वेला चिकूच्या वाड्या, भाताची खाचरं, मागे डोंगर, आणि हिवाळ्यात सकाळी रुळांवर असं धुकं, की सिग्नलचा नुसता दिवा दिसायचा, खांब नाही. लोकल विजेवर चालायच्या, त्यांच्याकडे आम्ही ढुंकून बघत नव्हतो. आमचा जीव लांब पल्ल्याच्या गाड्यांवर. त्यांना वाफेची इंजिनं असायची. स्टेशनाच्या उत्तरेला एक फाटक होतं, फाटकाशेजारी गवताचं टेकाड होतं, आणि त्या टेकाडावर मी आणि वसंता. रोज नाही, पण सुट्टी मिळाली की तिथेच. स्टेशनात कॅमेरा काढला की पोलीस हटकायचा, टेकाडावर कोण विचारतंय?

लोक हसायचे. लग्नाच्या वयाचे घोडे, नोकरीला लागलेले, आणि उन्हात उभं राहून इंजिनं बघतात! हसू देत. आम्हाला धुरावरून कळायचं फायरमन नवा आहे की जुना. शिटीवरून इंजिन कळायचं. आम्ही त्यांना नावं ठेवली होती — एक म्हातारी, एक ढेरपोटी, एक रडकी, कारण तिची शिटी सुरू व्हायची आणि मध्येच गळा काढायची. आणि एक चांदणी. चांदणी नवीकोरी होती, परदेशातून आलेली, पुढून नाक असं गोल-निमुळतं, आणि नाकावर मोठी चांदणी रंगवलेली. ती रात्रीच्या गाडीला असायची. म्हणजे बोरिवलीवरून जायची ती काळोखात. आम्ही तिला ऐकली होती, दिवा बघितला होता तिचा, पण दिवसाउजेडी कधी नाही. मला तिचा फोटो हवा होता. किती हवा होता ते आता सांगून तुम्हाला पटायचं नाही.

कॅमेरा माझा. मामानं दिलेला, डबडा कॅमेरा, खरोखरच डब्यासारखा चौकोनी. एका रोलवर आठ फोटो. पाठीमागे एक लहानशी लाल काच असायची, तिच्यातून रोलवरचा आकडा दिसायचा. फोटो काढला की किल्ली फिरवायची, पुढचा आकडा काचेत आला की थांबायचं. एवढंच शास्त्र. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल. तो कॅमेरा बिचारा अगदी साधा होता. किल्ली फिरवली नाही आणि पुन्हा बटण दाबलं, तरी तो ‘टक्’ करायचा आणि आधीच्या फोटोवरच दुसरा फोटो घ्यायचा. आणि लाल काचेतला आकडा बघून कुणाला कळणार नाही, की हा फोटो काढून झालाय की काढायचाय.

आमच्या आळीत कॅमेरा असलेला मी एकटाच. बारसं, मुंज, नवी सायकल — सद्याला बोलवा. सद्या म्हणजे मी, सदानंद. मला ते चढलं होतं. कचेरीत मी एक कारकून, साहेबाला माझं नाव धड ठाऊक नाही, पण आळीत मी फोटोवाला. हे निमित्त म्हणून सांगत नाही हं. नुसतं सांगतोय.

वसंता माझ्या शेजारच्या चाळीत राहायचा. अंधेरीला एका कारखान्यात लागला होता. मूळ मालवणकडचे ते. त्याचे वडील — आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो — मेलगाडीचे ड्रायव्हर. कोळसा मारण्यापासून सुरुवात करून मेलपर्यंत चढले होते, आणि गोऱ्यांच्या त्या काळात आपल्या माणसाला मेल मिळणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. अंगानं किरकोळ, रंगानं काळेसावळे, बोलणं मोजकं. घरी यायचे ते शेडवरच साबण लावून, आंघोळ करून, परीटघडीचा सदरा घालून. गल्लीतल्या नव्या माणसाला वाटायचं, हे कुठल्या तरी पेढीवर असतील.

आणि काकी. वसंताची आई. आबांची मेल सुरतेकडून यायची सकाळची, बोरिवलीला थांबायची नाही. पण फाटकाच्या अलीकडे आबा शिटी द्यायचे. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब. कायद्यात ती शिटी कुठे बसत नव्हती, पण आबा द्यायचेच. ती काकींसाठी. शिटी ऐकली, की काकी मनोरीच्या कोळणीकडून घेतलेले मासे कापायला बसायच्या. आबा गाडी मुंबईला पोचवून, इंजिन शेडला लावून, लोकलनं परत घरी येईपर्यंत कालवण चुलीवरून उतरलेलं असायचं. एवढी वर्षं हा संसार त्या शिटीवर चालला होता, आणि काकींनी नवऱ्याला इंजिनात कधी बघितलेलंच नव्हतं! बायकांनी उठून रुळांवर जाऊन उभं राहायचं कसं? त्यांना फक्त शिटी ठाऊक.

मग आबांची निवृत्ती आली.

शेवटच्या फेरीला शेडची माणसं इंजिन सजवतात, झेंडूच्या माळा, पुढे दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. तशी पद्धतच होती. आबा स्वतः आमच्या घरी आले. माझे वडील चकित — हा माणूस कधी कुणाच्या दारात जात नसे. ओटीवर टेकले, चहा घेतला, आणि मला म्हणाले, “सदा, त्या दिवशी एक फोटो काढशील काय रे? वसंताच्या आयशीन माका इंजिनात कधी बघूकच नाय. तिका ठेवूक होयो एक.” हे बोलताना लाजले हो ते. एवढा मेलचा ड्रायव्हर, आणि असा लाजला, जशी काही नवी नवरीच.

मी म्हटलं, आबा, झकास काढतो. त्यात काय एवढं!

रोल मिळत नव्हते तेव्हा. परदेशी माल, आला तर आला. माझ्या कॅमेऱ्यात जो होता त्यातले सात मी वापरून बसलो होतो, ढेरपोटी, रडकी आणि कुणाची तरी मुंज. एक शिल्लक. वसंतानं मुंबईची दुकानं पालथी घातली, नाही मिळाला. मी म्हणालो, अरे एक बस्स आहे. एका फोटोला काय लागतं?

त्या दिवशी आम्ही सकाळीच टेकाडावर. ऊन छान पडलेलं, स्वच्छ. आबांच्या तोंडावर थेट ऊन येईल अशी जागा मी हेरून ठेवली होती. वसंता जरा वेळानं म्हणाला, “सद्या, मी आईला घेऊन येतो रे. ती घाबरतेय, लोक काय म्हणतील म्हणून. आज नाही तर कधी बघणार?” आणि गेला धावत.

मी एकटा उरलो. फाटकवाला ओळखीचा, तो फाटक लावत लावत ओरडला, मेलच्या आधी रात्रीची गाडी येतेय, वाटेत रखडली होती ती. रात्रीची गाडी! मला कळायला क्षणभर लागलं. रात्रीची गाडी म्हणजे कोण?

आणि ती आलीच. वळणावरून चांदणी आली, उन्हात, नाक चमकवत, वाफेचा एक पांढरा लोट मागे सोडून. देवाशपथ सांगतो, असं देखणं इंजिन मी नंतर कधी बघितलं नाही. मी विचार केला का? केला. विचार न करता हात गेला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. एकच फोटो आहे, तो आबांचा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी कॅमेरा उचलला, वरच्या बघायच्या काचेत तिला नीट बसवली, आणि दाबलं. टक्.

गाडी गेली. गवत हललं आणि थांबलं. मी तसाच उभा.

इथेसुद्धा अजून काही बिघडलं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हवं. वसंता आल्यावर म्हणता आलं असतं — यार, माफ कर, चांदणी आली, माझा तोल गेला. त्यानं शिव्या घातल्या असत्या. आबांना आणखी कुठेतरी, शेडमध्ये, हार गळ्यात असताना गाठता आलं असतं, कुणाचा तरी कॅमेरा मागून आणता आला असता. दुपारपर्यंत इंजिन सजलेलंच राहणार होतं! मी किल्ली फिरवली नाही, आकडा तसाच राहू दिला, आणि वाट बघत राहिलो.

वसंता काकींना घेऊन आला. त्यांनी ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं, डोक्यावर पदर, आणि चालताना वसंताचा हात घट्ट धरलेला. वसंतानं माझ्याजवळ येऊन कॅमेऱ्याच्या मागे वाकून बघितलं. लाल काचेत आठचा आकडा. “आहे ना रे आठवा?” मी म्हटलं, “आहे की. दिसत नाही?” हे पहिलं खोटं. तसं बघितलं तर शब्दांत खोटंही नव्हतं. असल्या चलाख्या मला चांगल्या जमायच्या.

मेल आली. लांबूनच केशरी दिसली. झेंडूनं नुसती मढवलेली, केळीची पानं वाऱ्यानं फाटून चिंध्या झालेली. आणि ती शिटी — एक लांब, दोन आखूड, एक लांब. काकी एकदम ताठ झाल्या. घरात ऐकायची शिटी ती, मोकळ्यावर एवढी मोठी असते हे त्यांना कुठे ठाऊक!

आबा खिडकीतून अर्धे बाहेर आले होते. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. तोंड कोळशानं माखलेलं आणि दात पांढरे शुभ्र. ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं. ते आमच्याकडे नाही, सरळ माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होते, हालचाल न करता — फोटोसाठी माणूस जसा धरून राहतो तसे. गाडी पळतेय, आणि हा माणूस स्थिर राहायचा प्रयत्न करतोय.

आता ऐका. बटण मला दाबता येत होतं. चांदणीवर आबा आले असते. दोन्ही इंजिनं एकमेकांत मिसळली असती, विचित्र दिसलं असतं, पण त्या गडबडगुंड्यात कुठेतरी आबांचं तोंड आलं असतं. दात तरी नक्की आले असते. काकींना तेवढं पुरलं असतं. बोट बटणावर होतं माझं. आणि कॅमेऱ्याच्या त्या इवल्या काचेत आबांकडे बघत असताना माझ्या मनात काय आलं, सांगू? चांदणी खराब होईल.

एवढंच आलं मनात. दुसरं काही नाही.

मग मी जिभेनं आवाज केला. टाळूला जीभ लावून — टक्. शेजारी वसंता उभा होता ना, त्याला ऐकू यायला हवं. हुबेहूब आला आवाज. तुम्ही करून बघा, येतो.

गाडी निघून गेली. काकींच्या डोळ्यांतून पाणी, आणि हसतायत. “माका बघून हात केल्यानी मां रे?” वसंताला विचारलं. मग माझ्याकडे वळून, “इलो मां रे फोटो?” मी म्हटलं, “आला काकी. मस्त आला.” त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग लगेच त्यांना मासे आठवले आणि घराकडे वळल्या.

संध्याकाळी मी वसंतासमोर रोल बाहेर काढला. घट्ट गुंडाळला, कागदी पट्टी चिकटवली, सगळं रीतसर. धुवायला अंधेरीच्या स्टुडिओत द्यायचा असायचा. वसंता म्हणाला, मी सकाळी कामावर जाताना देतो. मी नको कसं म्हणणार? नुसतं म्हटलं, तयार झाला की मी आणीन, तू कारखान्यातून दमून येतोस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला तेव्हा मी खिडकीत होतो. रोल त्यानं रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता, वर हात धरलेला, आणि रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं चालला होता. ऊन ओलांडायची वेळ आली तेव्हा पळाला.

रोल मी घेऊन आलो. स्टुडिओवाला खूश — म्हणाला, हा आठवा फोटो मोठा करून लावा, काय इंजिन पकडलंय! मी तो वेगळा काढून पाकिटात घातला आणि बाकीचे सात घेऊन वसंताकडे गेलो.

वाटेत मी विचार करून ठेवला होता. सांगायचं काय? किल्ली फिरवायला विसरलो म्हटलं तर मी कसला फोटोवाला? स्टुडिओवाल्यानं बिघडवला म्हटलं तर वसंता जाऊन त्याची गचांडी धरणार, आणि तो म्हणणार, अहो, आठही छान आलेत! मग उरलं कोण? ज्याच्या हातात रोल होता तो. रोल सैल झाला तर सगळ्यात वरचा, म्हणजे शेवटचा फोटो उजेडानं जातो, हे त्याला मीच कधीतरी शिकवलं होतं. वसंतावर ढकललं, तर वसंता भांडायला कुणाकडे जाणार?

मी म्हटलं, “वसंता, शेवटचा गेला रे. काळाठिक्कर. ऊन लागलंय त्याला. तू खिशात नेलास ना...” एवढं बोलून थांबलो. पुढचं त्यानं स्वतःच पुरं केलं.

त्याचा चेहरा मी सांगत बसत नाही. त्यानं एवढंही विचारलं नाही, की दाखव तो काळा झालेला. माझ्यावर विश्वास होता त्याचा. तोच उलट मला म्हणाला, “सॉरी यार, तुझा फोटो फुकट घालवला.” सॉरी म्हणाला हो मला! आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — ठेवला मी हात! — म्हटलं, चालायचंच.

आबांना त्यानं स्वतः सांगितलं, मी दारात उभा होतो. आबा हसले. “जाऊ दे रे. जलम कोळशात गेलो, फोटो काळोच येवचो.” काकी आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या. वसंता त्यानंतर टेकाडावर आला नाही. पहिल्या रविवारी डोकं दुखतंय म्हणाला, दुसऱ्या रविवारी काम आहे म्हणाला, मग मीही बोलवायचं सोडलं. खरं सांगू का? बरंच वाटलं मला.

चांदणीचा फोटो मी कुणाला दाखवू शकलो नाही. दाखवला असता तर वसंतानं लगेच विचारलं असतं, ही कधी गावली रे तुला? दिवसाउजेडी ती एकदाच आली होती, आणि तो दिवस सगळ्या आळीला पाठ होता. एवढं करून मिळवलेली वस्तू, आणि पेटीच्या तळाशी. हसा हवं तर.

दोन-अडीच वर्षांत आबा गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा, तर एकही नाही. कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यात ते मागे उभे असलेला एक सापडला, अर्ध्या तोंडापुढे कुणाचा तरी फेटा. वसंता तो घेऊन माझ्याकडेच आला, सद्या, तुझ्या ओळखीनं एवढा मोठा करून आण ना. मी आणला. चांगली चौकट लावून आणली, आणि पैसे दे म्हणाला तर रागावलो त्याच्यावर. काकी हार घालायच्या त्याला. एक कान, एक डोळा, आणि फेट्याचं टोक.

पुढे काकी अंथरुणाला खिळल्या. मी जायचो. एका दुपारी मी मोसंबं सोलत बसलो होतो, वसंता त्यांचे पाय चेपत होता. काकी भिंतीकडे बघत होत्या. एकदम म्हणाल्या, “वसंता, तू मनात ठेवू नको हां रे. तू काय मुद्दाम केलंस? पोरगो होतंस. माझो काय राग नाय.” वसंता पाय चेपायचा थांबला. एवढा बाप्या, दोन मुलांचा बाप, मान खाली घालून लहान पोरासारखा रडायला लागला. त्या त्याला म्हणाल्या, “मेल्या, रडतस कित्याक? मी बघलंय मां तेंका? माझ्या डोळ्यांत आसा तो फोटो.”

मी तिथे होतो. हातभर अंतरावर. बोलायला यापेक्षा चांगली वेळ कुठली होती? दोघंही समोर होती. एक वाक्य पुरलं असतं. मी मोसंब्याच्या बिया काढत राहिलो, एकेक फोड साफ करत राहिलो, आणि सगळं सोलून झाल्यावर म्हटलं, “घ्या काकी, गोड आहे.” त्यांनी खाल्लं. पुढे थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

त्या दिवसानंतर मी बाकीचे फोटो जाळले. सगळे जाळायला बसलो होतो. चांदणी हातात घेतली, उजेडात धरली, आणि पुन्हा ठेवून दिली. का ठेवली, ते विचारू नका, मला ठाऊक आहे — फार सुंदर आलाय तो. अजूनही वाटतं. असं वाटणं बंद व्हावं म्हणून पुष्कळ थांबलो, होत नाही.

वसंता आणि मी शेवटपर्यंत मित्रच राहिलो. सकाळी फिरायला बरोबर, लग्नकार्यांत बरोबर. त्यानं कॅमेऱ्याला कधी हात लावला नाही, कुणी धर म्हटलं तरी मागे सरायचा. त्याच्या मुलीच्या लग्नात मांडवात फोटोवाला रोल बदलत होता. मंगलाष्टकं व्हायची होती, वसंता सोवळं नेसून, उपरणं घेऊन पाटावर बसलेला. तो उठला, फोटोवाल्यापाशी गेला, आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या हातांवर सावली धरून उभा राहिला. मांडवाला कापड होतं, ऊन कुठे होतं तिथे? भटजी खोळंबले, बायका हसायला लागल्या, व्याही म्हणाले, काय हो, मुलीपेक्षा फोटोची काळजी! वसंता पण हसला. पण रोल आत जाऊन झाकण लागेपर्यंत हलला नाही.

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मीही हसलो.

गेल्या वर्षी वसंता गेला. आजारात शेवटी मी रोज जायचो, सांगायच्या तयारीनंच जायचो म्हणा ना. वाटेत वाक्यं जुळवायचो. तो म्हणायचा, बस रे सद्या, चहा घे. मी चहा घ्यायचो. असे पुष्कळ चहा झाले. त्याला आपण मरणार हे कळलं होतं, तो मोकळा मोकळा बोलायचा, आबांबद्दल पण. एकदा म्हणाला, वर भेटले तर पहिल्यांदा ते फोटोचंच विचारतील बघ. आणि हसला. मी त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, आणि बाहेर येऊन चपला घातल्या.

आता घरात मी एकटा आहे. सकाळ आहे. चांदणी समोर टेबलावर आहे, पाकिटातून काढून ठेवलीय. तुम्हाला सांगून झालं, पण सांगायचं होतं ते तुम्हाला नव्हतंच.

वसंता, रोल घट्ट होता. पट्टी मीच चिकटवली होती. आणि तू तो सावलीतून नेला होतास — मी खिडकीतून बघत होतो.